गहू सोडला, पुढे काय?

पोळ्यांसाठी मळलेल्या कणकेतला लिंबाएवढा गोळा काढा आणि पातेल्यातल्या पाण्यात बोटांनी चोळत धुवा. पाणी पांढरं, गढूळ होत जाईल. तो गव्हातला स्टार्च. तीनचार वेळा पाणी बदललं की हातात करडा, चिकट, ओढला तर ताणत जाणारा एवढासा गोळा उरतो आणि कितीही धुतला तरी तो विरघळत नाही. हे ग्लुटेन. बोलोन्यातल्या याकोपो बेक्कारी या वैद्याने अठराव्या शतकात पीठ असंच धुऊन ते वेगळं काढून दाखवलं होतं. पुरणपोळी पातळ लाटली तरी फाटत नाही, पाव फुगतो, शेवया लांबच लांब वळता येतात, ते सगळं याच्या जिवावर. ज्वारीत ते नाही. म्हणून भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळावं लागतं, आणि भाकरी लाटत नाहीत, थापतात.

सिलिअ‍ॅक आजार असलेल्या माणसाचं शरीर या चिवट प्रथिनाशी वैर धरतं. गहू, जव आणि राय या तीन धान्यांतली ही प्रथिनं पचायला अवघड असतात. आपले पाचक रस त्यांचे पूर्ण तुकडे करू शकत नाहीत, काही लांब तुकडे तसेच उरतात. बहुतेकांच्या बाबतीत ते निमूटपणे पुढे निघून जातात. पण ज्यांच्याकडे एचएलए-डीक्यू2 किंवा डीक्यू8 ही जनुकं आहेत, त्यांच्यापैकी काहींच्या आतड्यात वेगळंच घडतं. ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं एक विकर त्या तुकड्यांत थोडा फेरफार करतं. तसा फेरफार झालेला तुकडा प्रतिकारशक्तीच्या पेशींना शत्रू वाटू लागतो आणि त्या हल्ला चढवतात. हल्ल्याचा मार मात्र आतड्याच्या अस्तरालाच बसतो. लोक याला सर्रास ‘गव्हाची अ‍ॅलर्जी’ म्हणतात, पण अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन हे थांबत नाही. हा स्वप्रतिकारक आजार आहे, टाइप 1 मधुमेहाच्या आणि थायरॉइडच्या काही आजारांच्या कुळातला. या तिघांची एकाच माणसात गाठ पडणंही नवलाचं नाही.

ही जनुकं जगातल्या साधारण तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोकांत असतात. आजार होतो त्यांतल्या शंभरात तिघाचौघांना. जनुकं नसतील तर आजार जवळजवळ होत नाहीच, असतील तर होईलच असंही नाही.

या आजाराचं आधुनिक वर्णन लंडनच्या सॅम्युअल जी यांनी 1888 साली लिहिलं. आहार सांभाळला तरच रुग्ण बरा होईल हे त्यांनी ओळखलं होतं, फक्त आहारातलं काय वगळायचं ते त्यांना कळलं नव्हतं. पुढे 1924 मध्ये अमेरिकेत सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. मुलं सुधारायची. श्रेय केळ्यांना मिळालं, प्रत्यक्षात ते ताटातून गेलेल्या पावाचं होतं. तो धागा हाती लागला डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांच्या. हेगच्या बालरुग्णालयात काम करताना त्यांना पावाचा संशय आला होता आणि 1941 मध्ये त्यांनी गव्हाविना आहाराबद्दल लिहिलंही होतं. मग 1944-45 चा हिवाळा आला. जर्मनांनी रसद तोडली, पश्चिम हॉलंडमध्ये पाव मिळेना, लोक ट्युलिपचे कंद उकडून खाऊ लागले. माणसं उपासमारीने मरत होती, त्या काळात ही आजारी मुलं मात्र सावरत होती. पाव परत आल्यावर ती पुन्हा खालावली, असं डिके सांगत. पण हकिकत म्हणजे पुरावा नव्हे हे त्यांना माहीत होतं. गहू देऊन आणि काढून मुलांच्या विष्ठेतली चरबी मोजण्याचं किचकट काम त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं, आणि 1950 साली प्रबंध सादर केला. या आजाराचा एकमेव खात्रीचा उपचार अजून तोच आहे: गहू, जव, राय बंद. आयुष्यभर.

भारतात हा युरोपियांचा आजार समजला जाई. 1966 मध्ये वालिया आणि सहकाऱ्यांनी उत्तर भारतातल्या मुलांमधले रुग्ण ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत या आजाराच्या प्रतिपिंडांचं प्रमाण उत्तरेत 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के निघालं. जनुकं दक्षिणेतही आहेत, पण तिथल्या ताटात भात आहे. महाराष्ट्राच्या ताटात भाकरीची जागा पोळीने घेतली ती अलीकडच्या दोनतीन पिढ्यांत, तेव्हा आपल्याकडच्या डॉक्टरांनी हा आजार पंजाब्यांचा म्हणून सोडून देऊ नये.

पाठ्यपुस्तकातलं चित्र असतं पोट पुढे आलेल्या, हातपाय काटकुळे झालेल्या, सतत जुलाब होणाऱ्या लहान मुलाचं. तशी मुलं असतातच. पण मोठ्यांमध्ये जुलाबाचा पत्ताही नसेल, उलट बद्धकोष्ठ असेल. पाळी उशिरा येणं, उंची खुंटणं, तोंड वारंवार येणं, गर्भ न टिकणं, चाळिशीतच हाडं ठिसूळ होणं, यांतलं एखादंच लक्षण पुढे येतं. आणि सगळ्यांत जास्त वेळा पुढे येतो तो अ‍ॅनिमिया, लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा.

तो का दाद देत नाही हे समजायला आतड्याचा नकाशा पाहावा लागतो. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मिलिमीटरभरही उंच नसलेले असंख्य रसांकुर असतात. अन्न शोषण्यासाठी लागणारं क्षेत्रफळ त्यांच्यामुळे मिळतं. सिलिअ‍ॅकमध्ये हे रसांकुर झिजून अस्तर सपाट होतं, आणि सर्वाधिक नासधूस होते ती जठराला लागून असलेल्या पहिल्या भागात, ड्युओडिनममध्ये. लोह शोषलं जातं नेमकं तिथेच. गोळी कितीही चांगली असली तरी तिला आत घेणारा दरवाजा मोडलेला. फोलेट थोडं पुढे, जेजुनमच्या सुरुवातीला शोषलं जातं, म्हणून त्याचा नंबर दुसरा. चरबी नीट शोषली गेली नाही की तिच्यासोबत जाणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही हुकतात. बी12 शोषलं जातं आतड्याच्या शेवटच्या टोकाला, जिथे नासधूस कमी असते. तरीही ते कमी निघतं, आणि आपल्याकडे त्याला आधीचंच कारण असतं. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने गर्भवतींचा अभ्यास केला, तेव्हा निम्म्याहून अधिक जणींत बी12 कमी आढळलं होतं. शाकाहारी घर आणि वर सिलिअ‍ॅक, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

इथे रक्ताच्या साध्या रिपोर्टातली एक मेख सांगायला हवी. लोह कमी असेल तर लाल पेशी लहान होतात. फोलेट किंवा बी12 कमी असेल तर मोठ्या. दोन्ही कमी असतील तर रक्तात लहान आणि मोठ्या पेशींची सरमिसळ होते, आणि मशीन सरासरी काढतं. सीबीसीच्या कागदावर एमसीव्ही या नावापुढे 86 असा अगदी नॉर्मल आकडा येतो. हिमोग्लोबिन मात्र 8.5. घाईतला माणूस म्हणतो, पेशींचा आकार ठीक आहे. त्याच कागदावर दोनतीन ओळी खाली आरडीडब्ल्यू असतो, पेशींच्या आकारात किती तफावत आहे ते सांगणारा. तो फुगलेला असतो. सरासरीने जे झाकलं ते तिथे उघडं पडतं. त्यातून फक्त फोलेटच्या गोळ्या सुरू केल्या तर आणखी एक धोका: रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि बी12 च्या अभावी मज्जातंतूंचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर बी12 आधी तपासावं.

निदानाचं सूत्र सोपं आहे. रक्तात ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धची टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडं पाहायची, सोबत एकूण आयजीएही मोजायचं, कारण सिलिअ‍ॅकच्या शंभरातल्या दोनतीन रुग्णांमध्ये आयजीए तयारच होत नाही आणि तपासणी खोटी ‘नॉर्मल’ येते. मग एंडोस्कोपी करून ड्युओडिनमचे चारसहा बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. लहान मुलांत प्रतिपिंडांची पातळी नॉर्मल मर्यादेच्या दसपटीहून जास्त असेल तर तुकडा न काढताही निदान करण्याची मुभा हल्ली दिली जाते. या सगळ्याला एकच अट आहे: तपासण्या होईपर्यंत गहू चालू हवा. ‘ग्लुटेन-फ्री’ची सध्या जी टूम आहे तिचा खरा तोटा हा आहे. कुणाचा तरी व्हिडिओ पाहून माणूस तीन महिने पोळी सोडतो, थोडं बरं वाटतं, मग डॉक्टरकडे जातो. तोवर प्रतिपिंडं उतरलेली, अस्तर भरत आलेलं. मग निदानासाठी पुन्हा काही आठवडे रोज गहू खाऊन आजार ओढवून घ्यायचा.

निदान झालं की घरातला पहिला प्रश्न असतो, किती गहू चालेल? दिवसाला सुमारे 10 मिलिग्रॅम ग्लुटेन बहुतेकांना बाधत नाही. चमचाभर, म्हणजे 3 ग्रॅम कणकेत ते अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. थोडक्यात, कणकेची एक बारीक चिमूट म्हणजे दिवसभराचा कोटा. पाकिटबंद पदार्थावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावं, असा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. आंतरराष्ट्रीय मर्यादाही तीच.

हा हिशेब धरला की स्वयंपाकघर वेगळं दिसू लागतं. पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया, दलिया हे उघड शत्रू. कुरडई गव्हाची असते हे आठवावं लागतं. मेतकुटात डाळ-तांदळासोबत गहू भाजून घालतात. सातूच्या पिठात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत बऱ्याच घरी मूठभर पडतोच. खपली गहू ‘जुना, देशी, पचायला हलका’ म्हणून चढ्या भावाने विकला जातो. तोही गहूच आहे आणि त्यातही ग्लुटेन आहे, सिलिअ‍ॅकच्या रुग्णाने त्या जाहिरातीकडे ढुंकूनही पाहू नये. आणि सर्वांत बेमालूम लपलेला शत्रू फोडणीत आहे. बाजारातला डबीतला हिंग शुद्ध नसतो. हिंगाचा रस तीव्र असल्याने तो डिंक आणि पिठात बांधतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. वरण, आमटी, भाजी, कोशिंबिरीवरची फोडणी, लोणचं, उडदाचे पापड. गहू सोडून सहा महिने झाले तरी प्रतिपिंडं उतरत नाहीत म्हणून हैराण झालेल्या घराने आधी हिंगाच्या डबीवरची घटकांची यादी वाचावी. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो.

दुसरी जागा गिरणी. मोदकाची पिठी करायची असेल तर जाणत्या बायका गिरणीवाल्याला विचारतात, “आत्ता कशावर दळताय?” आणि तांदळावर तांदूळ दळला जाईपर्यंत थांबतात, कारण आधीच्या दळणाचं पीठ जात्यात राहतंच. पांढऱ्याशुभ्र मोदकासाठी घेतली जाणारी ती काळजी इथे रोज घ्यावी लागते. गव्हावर ज्वारी दळली की शुद्ध भाकरीचा भरवसा संपला. घरघंटी घेणं परवडत असेल तर या आजारात ती चैन नाही. तिच्यात गहू मात्र कधीच घालायचा नाही. घरात बाकीच्यांच्या पोळ्या होत असतील तर भाकरी आधी करून घ्यावी, तवा आणि परात वेगळी ठेवावी. लाकडी पोळपाट-लाटणं तर वेगळंच हवं, त्याच्या भेगांतली पिठी धुऊन निघत नाही.

सणासुदीची गोष्ट आणखी अवघड. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा. “एवढ्याशा प्रसादाने काय होतंय?” हे वाक्य प्रत्येक रुग्णाने ऐकलेलं असतं, आणि बोलणाऱ्या काकूंचा हेतू वाईट नसतो. पण एका द्रोणातला शिरा म्हणजे अनेक दिवसांचा कोटा. तीर्थ-पंचामृत घ्यावं आणि पुढे सरकावं. गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांसमोर हाच प्रश्न मिसामध्ये उभा राहतो. 2017 मध्ये व्हॅटिकनने पत्र काढून पुन्हा स्पष्ट केलं की संपूर्ण ग्लुटेनविरहित ओस्ती (मिसात प्रसाद म्हणून दिली जाणारी चकती) चालणार नाही, मात्र पाव होण्यापुरता गहू असलेली कमी ग्लुटेनची चालेल. तीही नको असेल तर केवळ द्राक्षारसाच्या (वाइनच्या) रूपात कम्युनियन घेण्याची सोय आहे.

एवढं सांभाळूनही काम अर्धंच झालेलं असतं. गहू थांबला की आतडं भरून येऊ लागतं: लहान मुलांचं लवकर, मोठ्यांचं दोन वर्षं किंवा अधिक घेऊन. पण रिकामी झालेली कोठारं आपोआप भरत नाहीत, आणि गव्हाच्या जागी काय आलं यावर पुष्कळ अवलंबून असतं. बाजारातली ग्लुटेनविरहित बिस्किटं, केक आणि पाव बहुधा तांदूळ, मका, टॅपिओका यांच्या पिठाचे. त्यांत साखर आणि चरबी सढळ, तंतू, लोह, फोलेट नावाला. महाग ते महागच. आपल्याकडे यापेक्षा कितीतरी चांगला पर्याय आधीपासून आहे आणि गंमत म्हणजे तो उपासाच्या कपाटात सापडतो. राजगिरा, वरी, शिंगाडा यांत ग्लुटेन नाही. साबुदाण्यातही नाही, पण साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. रोज खिचडी खाऊन पोट भरेल, हिमोग्लोबिन नाही. एकादशीला जे खातो ते सोमवारी डब्यात नेण्यात संकोच कसला? राजगिऱ्याची वडी, भगर आणि दाण्याची आमटी, ज्वारी-बाजरीची भाकरी, तांदळाची घावणं, बेसनाची धिरडी. पाकिटातल्या विकतच्या पिठांवर भेसळीची शंका राहते, तेव्हा शक्यतो अख्खं धान्य आणून निवडून, धुऊन घरी दळावं.

कॅल्शियमसाठी नाचणीला तोड नाही: 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. सोबत तीळ. लोहासाठी अळीव, हिरव्या पालेभाज्या, कडधान्यं, आणि खात असतील त्यांनी मटण, मासे. धान्य-डाळींतलं लोह सहज शोषलं जात नाही. वर लिंबू पिळलं किंवा आवळा खाल्ला तर अधिक मिळतं, जेवल्याबरोबर चहा प्यायला तर त्यातलं बरंच वाया जातं. कडधान्य भिजवून मोड आणणं इथे फार उपयोगी पडतं.

मात्र आजार उघडकीला येतो तेव्हा तूट इतकी मोठी असते की नुसत्या अळिवाच्या लाडवांनी ती भागत नाही. औषध लागतंच. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेतली तर एकमेकींच्या वाटेत येतात, दोन्हींत काही तासांचं अंतर हवं. हिमोग्लोबिन 12 वर आलं म्हणून लोह बंद करण्याची घाई नडते; शरीरातला साठा फेरिटिनवरून कळतो, आणि तो भरायला पुढे आणखी तीनेक महिने लागतात. तोंडाने घेतलेलं लोह सुरुवातीला उपयोगी पडतच नसेल तर शिरेतून देतात. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची आठवडी पुडी आता घरोघरी माहीत झाली आहे, पण ठरलेले आठवडे संपल्यावर ती स्वतःच्या मनाने चालू ठेवू नये, ते साठून विषारी ठरू शकतं. हाडांचं गणित असं: कॅल्शियम कमी शोषलं गेलं की पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून ते ओढून रक्तात आणतात. रक्ताच्या रिपोर्टात कॅल्शियम नॉर्मल दिसतं आणि हाडं पोकळ होत जातात. म्हणून मोठ्या वयात निदान झालेल्याने डेक्सा तपासणीने हाडांची घनता एकदा पाहून घ्यावी. झिंक कमी असेल तर चव जाते, भूक मरते, जखमा लवकर भरत नाहीत, मुलांची वाढ अडते. तेही मोजून द्यावं.

दुधाबद्दल घाबरगुंडी उडते ती बहुधा तात्पुरती असते. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज रसांकुरांच्या टोकांवर तयार होतं. टोकंच झिजल्यावर दूध प्यायल्याने पोट फुगणारच. तेवढे काही महिने दही-ताकावर राहावं, आतडं सुधारलं की दूध पुन्हा चालू लागतं.

वजन वाढू लागलं की घरच्यांना आनंद होतो. वर्षभराने ते भलतंच वाढत असेल तर मात्र जरा बघावं. भूक परत आलेली असते, शोषणही सुधारलेलं असतं आणि ताटात भात, साबुदाणा, वेफर्स यांची चलती असते. सुरुवातीला दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा टीटीजी, हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी12, फोलेट, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासावं. प्रतिपिंडं उतरायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. उतरणीला लागली आहेत ना, ते महत्त्वाचं.

राहिली घरातली माणसं. आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात दहांत जवळपास एकाला हा आजार असू शकतो, आणि त्याला एकही लक्षण नसेल. सगळ्यांची एकदा टीटीजी तपासणी करून घ्यावी. भावंडाच्या जनुकांच्या तपासणीत डीक्यू2 आणि डीक्यू8 दोन्ही नसली तर त्याला पुढे पुन्हापुन्हा सुई टोचून घ्यायची गरज नाही. मुलाच्या पथ्यासाठी सगळ्या घराने एकदम गहू सोडायचं ठरवलं असेल, तर या तपासण्या त्याआधी उरकून घ्याव्यात.